जागा आपलीच समजा

सार्वजनिक ठिकाणी समकालीन कला मांडायचं तुमच्या मनात आहे असं कळलं. उत्तम. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतींचा वीट आलाय, कला 'लोकांमध्ये' न्यायची आहे आणि लोक भाजी कुठे घेतात याचा पत्ताही नुकताच लागलाय. गेल्या महिन्यात आमच्या मंडईत दहा दिवस असंच एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात माझाही हात होता. कसा, ते पुढे येईलच. तर त्या ताज्या अनुभवाच्या जोरावर होतकरू मंडळींसाठी चार सूचना. मास्तरकीची खोड आहे, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी जागा. ती वापरात आहे ना, एवढी खात्री करून घ्या. कोचीवाल्यांनी 12 डिसेंबर 2012 ला बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, सुरू केलं तेव्हा अ‍ॅस्पिनवॉल हाऊस घेतलं. मिरी-मसाल्यांचा जुना व्यापार, गोदामं, वखारी, सगळं कधीच थंडावलेलं. ते सुरू करणारे कलाकार बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघंही आपल्या मुंबईच्या जे.जे.तून शिकून गेलेले, पण इतकी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. पणजीतही तेच. सेरेंडिपिटी कलामहोत्सव 2016 पासून भरतो आणि जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत कामं मांडतो. रुग्ण केव्हाच बांबोळीला गेलेले. यात कसलं धाडस? धाडस म्हणजे रुग्ण खाटेवर असताना खाट मागणं. तुम्ही ते करा. चालू मंडई घ्या, सकाळी सहाची.

मुंबईच्या ससून डॉकचं उदाहरण तुम्हाला द्यायलाच हवं. 1875 चं बंदर, आजही पहाटे तिथे मासळी उतरते. 2017 च्या शेवटी तिथल्या गोदामांत मोठा कलामहोत्सव झाला. मी दोनदा गेलो, आणि खोटं कशाला बोलू, दोन्ही वेळा भारावून आलो. त्यात वासाविषयीही एक काम होतं. बाहेर कोळंबी सोलणाऱ्या बायकांजवळून नाकाला रुमाल लावून गेलेलं एक जोडपं आत त्या कामासमोर फार गंभीरपणे उभं होतं. रुमाल तसाच. हा प्रेक्षक ओळखून ठेवा, तुमचा आहे.

परवानगी वरून आणा. खाली ओट्यावर बसलेल्या बाईला विचारायचं काही कारण नाही. ती कुठे जातेय?

विषय निवडताना स्मृती, श्रम, अनुपस्थिती, विस्थापन यांपैकी कोणताही चालेल, पण माझं ऐकाल तर विस्थापन घ्या. त्याचा एक फायदा असा, की ते मांडता मांडता थोडं करूनही दाखवता येतं. आमच्याकडे अकरा ओटे रिकामे करून घेतले. भाजीवाल्यांना 'फक्त दहा दिवस' मागच्या गल्लीत फुटपाथवर बसवलं. चौथ्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि दोन हातगाड्या, एक छत्री आणि टोमॅटोची क्रेट उचलून घेऊन गेली. ओटे रिकामे करा म्हणणारं आणि फुटपाथ रिकामा करा म्हणणारं कार्यालय एकच. टेबलं तेवढी वेगळी. आत भिंतीवर ठळक अक्षरांत 'विस्थापन'. बाहेर टेम्पोमागे धावणारा भाजीवाला. आत त्याचा फोटो नव्हता एवढंच.

मंडईच्या दारातच क्यूआर कोड लावा. पाव किलो भेंडी घ्यायला आलेल्या माणसाला ईमेल आयडी विचारताना चेहरा हसरा ठेवा.

दिवे भरपूर लावा, पिवळे, तापणारे. शेजारच्या ओट्यावरची मेथी दुपारी बारापर्यंत माना टाकेल, पण 'नश्वरता' म्हणून तीही खपून जाते.

मजकूर इंग्रजीत लिहा आणि मराठी शेवटच्या रात्री फोनकडून करून घ्या. आमच्या इथे पाटी होती, 'ही कलाकृती वजनाच्या राजकारणाची चौकशी करते.' मिरचीवाल्या मावशींनी ती मोठ्याने, अक्षर अक्षर लावत वाचली आणि मला हळूच विचारलं, "सर, कुनाची चवकशी लागलीय?" मी म्हटलं, अजून कुणाची नाही. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

आता माझ्या हाताबद्दल. मी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला निदान दोन हजार पोरं बसवली असतील. त्यांतलाच एक आता या मंडळींबरोबर काम करतो. त्याने फोन केला, "सर, तुम्ही लोकल कॉन्टॅक्ट व्हाल का?" मी फुशारलो. आयुष्यभर पोरांना जहांगीरला न्यायचं तर सहलीच्या पैशांवरून मुख्याध्यापकांशी भांडायचं, आणि इथे कलाच घरापासून सात मिनिटांवर येत होती. म्हणजे सूचना अशी, की लोकल कॉन्टॅक्ट निवृत्त मास्तर घ्या. पैसे मागत नाही, आणि त्याच्या शब्दावर माणसं वस्तू काढून देतात.

त्यांना एक तराजू हवा होता. 'ऑथेंटिक.' बाजारात नवा मिळतो, पण त्याला इतिहास नसतो म्हणे. मावशींकडे होता. लोखंडी दांडी, पितळेची दोन पारडी, पारड्यांच्या साखळ्या एका ठिकाणी तुटल्यामुळे तांब्याच्या तारेने जोडलेल्या. सासूचा. दांडीवर वर्षानुवर्षांचे सरकारी शिक्के, एकावर एक. आलं, मिरच्या, लसूण, लिंबं, सगळं त्याच्यावर. काटा मध्ये आला की मावशी पारड्यात वरून दोन मिरच्या टाकायच्या आणि पिशवीत कढीपत्त्याची काडी. मी शब्द टाकला. त्या म्हणाल्या, "दोन दिस ना? तुमी म्हनताय म्हून देते." पावती नाही, कागद नाही, काही नाही. माझं तोंड हाच कागद.

तराजू दहा दिवस छताला टांगला होता. एका पारड्यात दिवा, दुसऱ्यात मूठभर माती. कामाचं नाव 'अनुपस्थित वजन'. दिसायला सुंदर होतं, हेही सांगून टाकतो. छपराच्या पत्र्यातून दहाच्या सुमाराला ऊन यायचं तेव्हा पितळ असं काही पेटायचं की मी मनातल्या मनात आमच्या पोराला ए ग्रेड देऊन टाकली होती. दहा दिवस मावशी शेजारणीचा काटा मागून वजन करत होत्या. आठव्या दिवशी शेजारीण वैतागली.

अकराव्या दिवशी तराजू ओट्यावर आणून ठेवलेला सापडला. आणून दिला नव्हता. ठेवलेला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. माती सांडू नये म्हणून ती इपॉक्सीने पारड्याला चिकटवली होती. दिव्याचा होल्डर बसवायला दुसऱ्या पारड्याला दोन भोकं पाडली होती. भोकं! पितळेला! ड्रिलने! आणि माती उपटताना निघाली तेवढी निघाली, बाकीचा दगडासारखा थर खाली तसाच. मी घरून वजनं नेऊन तोलून पाहिलं. एका बाजूला तीस ग्रॅमचा पासंग. शंभर ग्रॅम आल्यामागे तीस ग्रॅम! वजनमापवाले आले तर दंड कुणाला? क्युरेटरला? गिऱ्हाईक 'मावशी, माप मारता काय' म्हणालं तर कुणी ऐकायचं? चाळीस वर्षं त्या मंडईत ज्या बाईने काट्यावर वरून दोन मिरच्या टाकल्या, तिचा तराजू तुम्ही खोटा करून दिलात, आणि पाटीवर काय लिहिलंत, वजनाचं राजकारण?

असो. सूचनांकडे वळू.

उद्घाटनाला भाषणात 'स्थानिक समुदाय' दोनदा तरी म्हणा. चहा त्यांना देऊ नका, आधीच चहा विकणारे आहेत तिथे.

कलाकृती अशी मांडा की माणसाला वळसा पडलाच पाहिजे. याला थोर परंपरा आहे. शिल्पकार रिचर्ड सेराने 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात 'टिल्टेड आर्क' उभं केलं, पोलादाची वाकडी भिंत, 120 फूट लांब, 12 फूट उंच. कचेरीत जाणारी माणसं वैतागली. मी तिथे कारकून असतो तर तक्रारीवर मीही सही केली असती. पण 1985 मध्ये तिथे जाहीर सुनावणी झाली. 180 माणसं उठून बोलली. 122 'राहू द्या' म्हणाली, 58 'काढा'. तरीही निकाल काढण्याचाच लागला, आणि 1989 च्या मार्चमध्ये एका रात्री भिंत कापून नेली. सेराचं म्हणणं एवढंच होतं की हे काम या जागेसाठी घडलंय, इथून हलवलं की ते संपलं. तो कोर्टात गेला, हरला, पण ती भिंत त्याने पुन्हा दुसरीकडे उभी राहू दिली नाही. याला स्थळविशिष्ट म्हणतात. हट्टी माणूस, पण शब्दाचा पक्का. आणि आपल्याकडे? 'या मंडईच्या स्मृतीतून घडलेल्या' त्या दोनशे लटकत्या टोपल्या पंधरा दिवसांत एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या डोक्यावर लटकल्या. पाटी तीच. फक्त 'या मंडईच्या' खोडून 'या शहराच्या'. मंडईत काय राहिलं? छताच्या वाशांना नायलॉनच्या दोऱ्या. कबुतरं त्यात अडकतायत.

आणि कृपा करून 'लोकांना अशा कलेची सवय नाही' हे वाक्य पाठ करून ठेवा, फार उपयोगी आहे. लोकांना सवय नाही! दर वर्षी रस्त्यात मांडव घालून, गुहा काढून, हलते देखावे करून अकराव्या दिवशी सगळं मोडणारी ही माणसं. अमक्या दुकानाचं शटर कुठवर येतं, तमक्यांच्या घरातली म्हातारी आजारी आहे, अँब्युलन्स आत यायला किती जागा लागेल, हे मांडवाचा पहिला बांबू रोवायच्या आधी गल्लीतल्या सतरा वर्षांच्या कार्यकर्त्याला माहीत असतं. (स्पीकरच्या भिंतींबद्दल त्याच्याशी माझं वेगळं भांडण आहे, ते सप्टेंबरात.) जागा वाचणं याला म्हणतात. तुम्ही आमच्या मंडईत किती वेळा आलात? दोनदा. एकदा ड्रोन घेऊन.

करणारे करतात हो. कलाकार नवजोत अल्ताफ मुंबईत राहणारी, पण नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून छत्तीसगडच्या बस्तरमध्ये कोंडागावला जाऊन तिथल्या आदिवासी कलाकारांच्या बरोबरीने काम करत आली. त्या सगळ्यांनी मिळून हातपंपांभोवती 'नळपार' बांधले. त्यांत कोरीवकाम आहे, रंग आहेत, आणि घागर टेकवायला जागाही आहे, म्हणजे भरलेली घागर थेट जमिनीवरून डोक्यावर घ्यावी लागत नाही, मध्ये एक टप्पा मिळतो. सांडलेलं पाणी साचू नये म्हणून वाटही काढून दिलेली. आता मला सांगा, पाणी भरणाऱ्या बाईची कंबर नेमकी कुठे मोडते हे कळायला किती वर्षं तिथे बसावं लागलं असेल? तुमच्या दहा दिवसांत तुम्हाला मंडईतल्या एकुलत्या एका संडासाला कडी नाही हे कळलं. कळलं, कारण तुम्ही ती बसवली. आणि कुलूप लावून किल्ली व्हॉलंटियरांकडे ठेवलीत. दहा दिवस चाळीस बायका कुठे जात होत्या याचा विचार 'श्रम आणि शरीर' लिहिणाऱ्या एकाच्याही डोक्यात आला नाही?

यातला कावा मला अजून कळलेला नाही, आणि बहुतेक कावा नसेलच. पोरं वाईट नाहीत. आमचा विद्यार्थी तर नाहीच. रात्र रात्र जागून टोपल्या बांधत होता, बोटं सोलली होती त्याची. पण मंडई त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठीमागचा पडदाच वाटली. पडद्यावर माणसं रंगवलेली असतात, ती हलली तर पंचाईत होते.

परवा त्याचाच फोन आला. पुढचं प्रदर्शन एसटी स्टँडवर आहे. विषय, 'वाट पाहणं'. "सर, लोकल कॉन्टॅक्ट तुम्हीच हां." मी म्हटलं, त्या तराजूचं काय झालं? दोन क्षण शांत. मग म्हणाला, "कोणता तराजू, सर?"

कोणता? माझ्या टेबलावर आहे तो. चार दिवस मी पॉलिशपेपरने घासतोय आणि तो थर निघत नाहीये, तो. मावशींनी बॅटरीवरचा काटा उधारीवर घेतलाय. आकडा लाल दिसतो, शंभरला शंभर. मिरच्या बरोब्बर शंभर ग्रॅम. कढीपत्ता मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही.

तेव्हा नीट ऐक. तू आणि तुझ्या सगळ्या मंडळींनी ऐका. दुसऱ्याच्या ओट्यावर चढायचं तर चपला काढून चढायचं, एवढं तुम्हाला घरी शिकवलंय. वस्तू मागून नेली तर होती तशी, हातात आणून द्यायची, हेही शिकवलंय. मी शिकवलंय, ब्रश धुऊन परत ठेवा म्हणून घसा कोरडा करत बत्तीस वर्षं. एसटी स्टँडवर बाकड्यांना हात लावायचा नाही. एकाही म्हाताऱ्याला उठवायचं नाही. आणि त्याआधी उद्या सकाळी सहाला मंडईत या, सगळे, क्युरेटरबाईंसकट. तांबटाकडून पारडी नवी करून घ्या, दांडीवर शिक्का मारून घ्या, पैसे तुम्ही द्या आणि मावशींच्या हातात नेऊन द्या. मी बरोबर येणार नाही. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मग स्टँडचं बोलू.