बिडाची जागा आणि चार नळ्या

जिप्सीवाल्याकडे सहसा पैसे नसतात, आणि आले तर ते जिप्सीकडेच, म्हणजे मारुतीच्या त्या जीपकडेच जातात. यंदाचा बोनस हेडरकडे गेला. हेडर म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा कंपनीचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून तिथे बसवायचा स्टीलच्या चार नळ्यांचा जुडगा. 1298 सीसीच्या या इंजिनात सिलिंडर 1-3-4-2 या क्रमाने पेटतात. म्हणून एक नि चारच्या नळ्यांची एक जोडी, दोन नि तीनची दुसरी, आणि पुढे दोन्ही जोड्यांचा एक पाइप. असं केलं की एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. खोक्यावर ‘डायरेक्ट फिट’ छापलेलं होतं. आत एकही नट नव्हता.

कोल्हापुरात राहून असल्या कामाला घाबरायचं कारण नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, वेल्डिंग असं सगळं हाकेच्या अंतरावर. अडचण एवढीच, की बिडावर पोसलेल्या या गावात पातळ नळ्यांना किंमत नाही. मिस्त्रींनी हेडर एका हाताने उचलला, टिचकी मारली आणि म्हणाले, “साहेब, ह्यात काय माल न्हाई.”

पहिला अडथळा स्टडचा, म्हणजे इंजिनात पिळून बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांचा. हेडरचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी भोकांची पट्टी, मूळच्यापेक्षा जाड, त्यामुळे कंपनीचे स्टड आखूड पडले. नटाला दोन आटेही मिळेनात. म्हणजे जुने स्टड काढणं आलं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असे रुतले होते, की घराचा सातबाराच त्यांच्या नावावर असावा. दोन नट एकमेकांवर आवळून, रॉकेल सोडून, शिव्या देऊन बाकीचे निघाले. शेवटचा आतच मोडला. मग मधोमध सेंटर पंच, हळूहळू ड्रिल, आणि आटे पाडायला 8 मिलिमीटरचा 1.25 पिचचा टॅप. मिस्त्री टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवत होते, तेवढा वेळ मी गॅरेजच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. चतुर्थी मंगळवारी होती.

त्यानंतर या घरात नवा जावई आल्यासारखं सुरू झालं. त्याला काही म्हणायचं नाही, बाकीच्यांनी सरकून घ्यायचं. उष्णता अडवणाऱ्या कंपनीच्या पत्र्याला जुन्या मॅनिफोल्डवर बोल्ट मारायला कान होते. नळ्यांना कान कुठले? पत्रा कापला, ठोकून वाकवला आणि क्लँपवर टांगला. पुढच्या पाइपाच्या फ्लँजची भोकं जुळेनात, ती कानशीने लांबट केली. गॅस्केट पोर्टच्या तोंडावर डोकावत होतं, ते कातरलं.

सर्वात हट्टी निघाला धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. तो पिळून बसवायची 18 मिलिमीटरची आटेदार कडी हेडरवर होती खरी, पण अशा ठिकाणी, की सेन्सर खाली तोंड करून चॅसिसला टेकायचा. सेन्सर जरा वर कललेला लागतो, नाहीतर पाइपात धरलेलं पाणी त्याच्यात उतरतं. जुनी जागा बुजवून वरच्या अंगाला नवी कडी आर्गन वेल्डिंगने बसवली. आता वायर वीतभर कमी. तिथे वेल्डिंगवाल्याने सोल्डरिंग आयर्न काढलं, तेव्हा मी मध्ये पडलो. पुष्कळ सेन्सर वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच तुलनेसाठी बाहेरची हवा घेतात. सोल्डरने ती वाट बंद होते. वायर गाडीच्या बाजूने वाढवली, क्रिंप करून, म्हणजे जोड नुसता दाबून.

“एवढं तुम्हाला माहितंय, तर मग बिडाचं काय वाईट होतं?” मिस्त्रींनी विचारलं. मी फायरिंगचा क्रम सांगू लागलो. त्यांनी विडी पेटवली.

गाडी सुरू केली. नव्या नळ्यांवरचं तेल जळून निळा धूर निघाला, दोन दुकानं पुढचा माणूस बादली घेऊन आला. वरच्या आरपीएमला ओढ खरंच वाढली होती, पण तिथे पोचायला जिप्सीला गावाबाहेरचा कात्यायनीचा चढ लागतो. आवाज मात्र बसल्याजागी वाढला. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांकडे प्रेमाने बघत नाही, हे घरच्यांनी त्याच संध्याकाळी मोबाइलवर शोधून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जाऊन मी हळूच विचारलं, “जुना मॅनिफोल्ड परत बसवायचा म्हटला तर?”

मिस्त्रींनी बीड उचललं, दोन्ही हातांनी. “बसतंय की. पण स्टड आता लांब झाल्यात, पत्र्याचं भोक कापून गेलंय, फ्लँज लांबट झालाय, वायर वाढलीय. जरा हात मारावा लागंल.”

“खर्च?”

“तेवढाच,” ते म्हणाले. “टॅप मारायचं पैसं तेवढं वाचतील.”