आधी कॅमेरा, मग जलेबी

इंदूरला येऊन व्लॉग करायचे ठरले का? छान. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या मराठी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या नुसते खाल्ले आणि हात धुतले. त्याचा पुरावा कोणी ठेवला नाही. ती उणीव तुम्ही भरून काढणार, म्हणून हे थोडे मार्गदर्शन. फुकट आहे. फुकटाची सवय तुम्हाला पुढे लागेलच.

सुरुवात सराफ्यापासून. दिवसा हा सोन्याचांदीचा बाजार. रात्री आठ-साडेआठला सराफांच्या दुकानांची शटरं पडू लागतात, त्याच ओट्यांसमोर कढया आणि तवे मांडले जातात, आणि मग दीड-दोन वाजेपर्यंत शहर तिथे असते. मंगळवारी रात्री नऊला गेलात तर पहिला घाणा मिळतो, पाय ठेवायला जागा असते, दुकानदाराला दोन शब्द बोलायला फुरसत असते. म्हणून मंगळवारी मुळीच जाऊ नका. शनिवार, रात्री अकरा. गल्लीच्या दोन्ही कडांना खाणारे उभे असतात आणि मध्ये उरते ती जेमतेम दोन माणसांची वाट. एका माणसाच्या जागी तुम्ही उभे राहा, दुसऱ्याच्या जागी तुमचा कॅमेरामन. मागे तुंबलेली गर्दी फ्रेममध्ये फार सुंदर दिसते. "देखो गाइज, कितनी भीड़ है!" हे वाक्य याच वेळी म्हणायचे, ती भीड़ तुमच्यामुळे आहे हे सांगायची गरज नाही.

आता सामान. गिंबलमध्ये, म्हणजे फोन स्थिर ठेवणाऱ्या मोटरच्या दांडीत, फोन मधोमध बसवायचा नसतो, जरा एका बाजूला सरकवून अडकवायचा. त्यामुळे मोटर सतत फोन सावरत बसते, कुरकुरते, तापते, आणि ऐन मालपुव्याच्या वेळी फोन मान टाकतो. मग सगळे पुन्हा. कॉलरचा वायरलेस माइक घ्या. हे बहुतेक माइक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्याच पट्ट्यात गल्लीतल्या शेकडो फोनांचे ब्लूटूथ आणि वायफाय बोलत असते. त्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे पाठ केलीत की तुमचे स्वतःचेच अंग मध्ये येते आणि आवाज तुटतो. उपाय सोपा आहे, ओरडायचे. चौथ्या दुकानापर्यंत ऐकू गेले पाहिजे.

कॅमेऱ्याच्या शटरचा वेग ऑटोवरच ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर बांधून टाकले की चित्र शांत राहते, पण मग सराफाच्या पाटीवरून सरकणारे काळे पट्टे तुम्हाला मिळणार नाहीत, आणि प्रेक्षक "भाई कैमरा बदलो" असे लिहिणार नाहीत. प्रतिक्रिया ती प्रतिक्रियाच.

एलईडी पॅनेल पूर्ण जोरावर लावून जलेबीवाल्याच्या थेट डोळ्यांवर धरा. तो माणूस भोक पाडलेल्या कापडातून मैद्याची धार तापल्या तुपात सोडत असतो. हात आणि नजर यांच्यात बोटभर फरक पडला तर वेढा तुटतो आणि थेंब मनगटावर येतो. त्याने डोळे मिटले की तुम्ही म्हणा, "अंकल, कैमरे में देखो ना." याच गल्लीत पाव किलोच्या आसपासचा एकेक जलेबा तळला जातो, तिथे कढईही मोठी असते. फोन वाफेत धरला की भिंगावर तेलाचा पातळ थर बसतो, मग प्रत्येक दिव्याभोवती प्रभावळ दिसू लागते. ती शर्टाच्या टोकाने पुसा. पुसले की थर पसरतो, जात नाही. उरलेला सगळा व्हिडिओ धुक्यात होईल, त्याला "ड्रीमी लुक" म्हणायचे.

एन्ट्रीचा शॉट नेहमी उलटे चालत घ्यावा. तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ बाजाराकडे. मागे काय आहे ते बघू नका. बहुधा भट्टी असते, तिच्यावर 170-180 अंशांचे तेल आणि बाजूला गॅसची टाकी. शेजारचा पोरगा "भिया, पीछे!" असे ओरडेल. तोही ऑडिओ ठेवा.

आणि खाणे? खरी कसोटी इथे आहे, कारण सराफ्यातले पदार्थ तुमच्यासाठी थांबत नाहीत. पाकातून निघालेली जलेबी थोडाच वेळ कुरकुरीत असते, मग पाक वेढ्याच्या भिंतीत मुरतो आणि ती चिवट होते. तेवढ्यात तुम्हाला वरून शॉट, बाजूने शॉट, तोडतानाचा शॉट आणि थंबनेलसाठी आ वासलेला फोटो घ्यायचा आहे. नवव्या मिनिटाला चावा घ्या आणि "क्रिस्पी!" म्हणा. गराडूचेही तसेच. हा कंद थंडीतला, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आधी मंद आचेवर तळतात, मग गिऱ्हाइकाच्या तोंडावर पुन्हा कडक तळून जीरावण मसाला आणि लिंबू मारून देतात. दुसऱ्या तळणीचा कुरकुरीतपणा गार होईपर्यंतच. नंतर आत पिठूळ आणि बाहेर चामडे. तुम्ही मे महिन्यात येऊन गराडू मागा, नाही म्हटल्यावर "ओव्हरहाइप्ड" असे शीर्षक द्या.

खोबऱ्याच्या पॅटिसचा मात्र उलटा न्याय. बटाट्याचे कवच लगेच निवते, आतले खोबरे धगधगत राहते. वरून हात लावला तर वाटते, झाले गार. कॅमेऱ्यासमोर मोठा घास घ्या. तेव्हा डोळ्यांत येणारे पाणी हीच तुमच्या संपूर्ण व्हिडिओतली एकमेव खरी प्रतिक्रिया असेल, ती कापू नका.

शब्दांकडे फार लक्ष देऊ नये. जीरावणाला "चाट मसाला" म्हणा. जिरे, धणे, बडीशेप, सुंठ, लवंग, आमचूर, काळे मीठ, हिंग, मिरची असा त्यातला हिशेब कुणाला ऐकायचाय? शेवेला "भुजिया" म्हणा. त्यानंतर दुकानात जी शांतता पसरते तिला आदर समजा. भुट्ट्याच्या किसात किसलेला मका तुपावर परततात आणि दूध घालून आटवतात, तुम्ही त्याला "कॉर्न उपमा" म्हणा. सकाळी पोहे खाताना तुमच्या मराठी प्रेक्षकांना विचारा, "हे आपले कांदेपोहेच ना?" नव्हे. इथले पोहे खाली पाणी उकळत्या भांड्यावर वाफेत ठेवतात, म्हणून ते मऊ राहतात. कांदा वरून कच्चा, बडीशेप, चिमूटभर साखर, शेव, जीरावण, असले तर डाळिंबाचे दाणे. वाफेवरून उतरलेली बशी पाच मिनिटे उघडी ठेवली की पोहे सुकतात आणि शेव मऊ पडते, म्हणजे दोन्ही गोष्टी उलट्या होतात. पाच मिनिटे तुमच्याकडे हमखास असतात. होळकरांबरोबर पोहे इथे आले असे रामबागेतले जुने लोक छातीठोकपणे सांगतात; ते एका वाक्यात आटपून "पोहा का असली जन्मस्थान" असा अर्धा तास काढता येतो.

पैशांबद्दल लाजू नका. "भिया, प्रमोशन कर देंगे," एवढे पुरे. शनिवारी रात्री अकराला त्याच्यापुढे तीस माणसे उभी आहेत, त्याला गिऱ्हाईक नको, तिसरा हात हवा आहे, हे तुमच्या लक्षात येता कामा नये. एक दहीवडेवाले भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून पाच मसाले वेगवेगळे सोडतात. ते एकदा झाले की म्हणा, "फोकस नहीं था, फिर से." चार वेळा म्हणा. पाचव्यांदा ते दही तुमच्याकडे उडाले तर तोही कौशल्याचाच भाग.

राजवाडा जवळच आहे. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. काम 1747 मध्ये मल्हारराव होळकरांच्या काळात सुरू झाले, 1984 च्या आगीत बरेच काही जळाले, नंतर डागडुजी झाली. यातले काहीही उपयोगाचे नाही. "हॉन्टेड" म्हणा. रात्री लाकडी मजल्यांवर टॉर्च मारा, कबुतर फडफडले की किंचाळा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या म्हणजे होळकर घराण्यातल्या माणसांची स्मारके. तिथे पायऱ्यांवर कमरेचे ठुमके घेतले तर उत्तम चालते. ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला घेतलात तर पायलटचे लायसन्स लागत नाही, हे तुम्हाला पाठ असते. विमानतळाभोवतालचे, परवानगीविना उडवता न येणारे लाल-पिवळे पट्टे त्यालाही लागू असतात, हे कुणी सांगितले तर "भाई, नॅनो है" म्हणून पुढे जा.

वर्षातून एक दिवस मात्र सांभाळा, रंगपंचमी. राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि टँकरवरच्या पिचकाऱ्या दोन-तीन मजले उंच रंग फेकतात. परवानगी न विचारता माणसांवर काही सोडणे हा तुमचा धंदा. त्या दिवशी तो शहराचा असतो. गुलाल गिंबलच्या मोटरीत आणि स्पीकरच्या जाळीत शिरला की फुंकून निघत नाही, ओला झाला तर चिखल होतो.

शहराबाहेर गेलात तर महेश्वर घ्याच. विणकराच्या मागाशेजारी माइक लावा आणि धोटा पुन्हापुन्हा टाकायला सांगा. माग मध्येच थांबवून परत चालू केला की बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, ठोका कमीजास्त पडतो आणि साडीत आडवी रेघ राहते. रेशमी ताणा, सुती बाणा, दोन्ही बाजूंनी नेसता येणारा बुगडीचा काठ, एवढे सगळे जमवून आणलेल्या साडीत ती रेघ म्हणजे तुमची सही. घाटावर अंघोळ करणाऱ्या बायकांना विचारायचे नसते, विचारले तर त्या नाही म्हणतात. उज्जैनला महाकाळ मंदिरात मोबाइल न्यायला डिसेंबर 2022 मध्ये बंदी घातली गेली. तिथे "अंदर का दृश्य" म्हणून बाहेर चप्पल स्टँडजवळ पंधरा मिनिटे बोला.

पाताळपाणीबद्दल मात्र थट्टा बाजूला ठेवतो. पावसाळ्यात धबधब्याच्या वरच्या खडकांवर जाऊ नका. पाऊस वरच्या बाजूला पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असते, आणि पाणी काही मिनिटांत वाढते. 2011 मध्ये असेच एक कुटुंब वाहून गेले. कठड्याच्या अलीकडून जेवढे दिसते तेवढे घ्या. आता परत थट्टेवर.

हे सगळे करताना तुमच्या वाटेत स्थानिक माणसे येतील. त्यांच्यासाठीही दोन शब्द, म्हणजे पक्षपात नको. भांडू नये, भांडणाचाच वेगळा व्हिडिओ होतो आणि तो जास्त चालतो. कॅमेऱ्यासमोर हात नाचवू नये. कॅमेरा चालू असतानाच शांतपणे म्हणावे, "माझा चेहरा नको, काढून टाका." बोलणे मध्येच आल्याने तो तुकडा तसाही वाया जातो. व्हिडिओ चढलाच तर यूट्यूबवर प्रायव्हसीची तक्रार करता येते. लिंक लागते आणि आपण कितव्या मिनिटाला दिसतो ते लिहावे लागते. दुकानदारांसाठी जुनाच रामबाण उपाय: हातातला ट्रांझिस्टर सोडून ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि व्लॉगर आला की एखादे चालू हिंदी गाणे मोठ्याने लावा. यूट्यूबची यंत्रणा गाणे ओळखू शकते, आणि ओळखले तर त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. बोलणे आणि गाणे एकाच माइकमध्ये मिसळलेले असल्याने नंतर वेगळे करणे जिकिरीचे. गिऱ्हाइकांचीही करमणूक होते.

असो, तुमचे शूट संपत आले. रात्रीचा एक वाजलाय, हातात अर्धवट रबडीचा द्रोण आहे, त्यात प्लास्टिकचा चमचा उभा. आता हे टाकायचे कुठे? 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला नंबर आणणाऱ्या या शहरात वाट अडवलेली चालते, ओरडलेले चालते, शेवेला भुजिया म्हटलेलेही एकवेळ चालते. कागद खाली पडलेला चालत नाही, जागच्या जागी दंड होतो. समोर दोन डबे आहेत, एक हिरवा, एक निळा. तुम्ही दोन्हींच्या मध्ये उभे. तोंडे बंद, कढया मंद, आणि अख्खी गल्ली पहिल्यांदाच तुमच्याकडे टक लावून बघतेय. ओट्यावर साबुदाण्याची खिचडी खात बसलेल्या काकू द्रोण बाजूला ठेवून म्हणतील:

"अरे बाळा, चमचा निळ्यात, द्रोण हिरव्यात. आणि आधी ती रबडी संपव, चांगली असते रे."

तेव्हा लगेच फोन वर करा आणि म्हणा, "आंटी, एक बार फिर से बोलेंगे? माइक बंद था."