हॅडाकॉलवाला डॉक्टर नव्हता हो
इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपवर कालपासून फिरतंय की अमेरिकेतल्या डडली लब्लांक नावाच्या डॉक्टरने हॅडाकॉल टॉनिक विकून पैसा केला आणि त्या पैशावर राजकारणात शिरला. अहो उलटं आहे ते! माणूस डॉक्टर नव्हताच, आणि लुइझियानाच्या विधानसभेत तो १९२४ लाच निवडून आला होता, टॉनिक आलं १९४० च्या दशकात. त्यात बी व्हिटॅमिन्स होती, पण अल्कोहोल १२ टक्के, म्हणे औषध टिकावं म्हणून (आता काय बोलायचं), मग घेतल्यावर लोकांना बरं वाटणारच ना. जाहिरातीवर पैसा अक्षरशः उधळला, हॅडाकॉलच्या खोक्याचं झाकण दिलं की बड्या स्टार्सच्या शोला एंट्री. १९५१ मध्ये कंपनी विकली, ती लगेच बुडाली, आणि १९५२ ला गव्हर्नरपदाची निवडणूक हा हरला. तो फॉरवर्ड डिलीट करा प्लीज.