पाइपवर उभं राहून काय सिद्ध होतं?

गेले काही दिवस एक व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर येऊन आदळतोय. दोन चौकोनी पाइप, चार यू-क्लॅम्प, खर्च ८०० रुपये, आणि गाडीच्या टपावर सामान बांधायचे आडवे दांडे, म्हणजे घरगुती क्रॉसबार, तयार. शेवटी व्हिडिओतले काका स्वतः पाइपवर उभे राहतात आणि म्हणतात, "बघा, १०० किलो आरामात! कंपनीवाले नुसते लुटतात." मीही क्रॉसबार घरीच बनवलेत, आजही वापरतो. त्यामुळे हौसेला माझी ना नाही. भांडण काकांच्या दाव्यांशी आहे.

पाइपचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे काका बरोबर आहेत. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी बॉक्स पाइप घ्या. दोन टेकूंमध्ये एक मीटर अंतर आणि मधोमध ५० किलो ठेवले, तर तो जेमतेम ३ मिलिमीटर लवतो आणि वजन काढलं की सरळ होतो. दोन पाइपांचे मिळून झाले १०० किलो. पण गाडी उभी, काकाही उभे. सगळा भार सरळ खाली. रस्त्यावर तसं नसतं. करकचून ब्रेक दाबला की ५० किलोंचं सामान सुमारे ४० किलोंच्या जोराने पुढे निघतं, आणि त्याला अडवायला असते फक्त क्लॅम्पची पकड.

ही पकड कशी सुटते ते मी पाहिलंय. पहिल्या जोडीत पाइप आणि रेल (टपाच्या दोन्ही कडांवरच्या लांब पट्ट्या) यांच्यामध्ये मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते, ओरखडे नकोत म्हणून. नट पान्याने चांगले आवळले होते. वर एक ॲल्युमिनियमची शिडी, बस्स. ताम्हिणी उतरून विळ्याला चहाला थांबलो, सहज वर पाहिलं, तर पुढचा बार डावीकडून तीन बोटं पुढे सरकलेला. रबर दबून पातळ झालं होतं आणि तेवढ्यानेच नट हाताने फिरायला लागला होता. बार तिरका होऊन अडकला, म्हणून शिडी बॉनेटवर आली नाही. पाइपला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

वाऱ्याचं तर काकांनी नावच काढलं नाही. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३० किलो असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ८ बाय ४ फुटांचा प्लाय म्हणजे जवळजवळ ३ चौरस मीटर. १२ मिलिमीटरचा असेल तर त्याचं स्वतःचं वजन वीसेक किलो. पुढची कड जरा उचलली गेली की काय होईल, हिशेब ज्याचा त्याने करावा. प्लायची पुढची कड बंपरपर्यंत दोरीने खाली ओढून बांधतात, ती उगाच नव्हे.

"काळी-पिवळी आयुष्यभर टपावर ट्रंका वाहायची, तेव्हा कुठे गेलं होतं हे गणित?" हा व्हिडिओखालचा सगळ्यात लाडका प्रश्न. ती काळी-पिवळी म्हणजे प्रीमियर पद्मिनी; मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, आठवण मात्र जात नाही. त्या गाडीच्या टपाला दोन्ही बाजूंनी पत्र्याची पन्हळ असायची, आणि कॅरिअरचे पाय त्या पन्हळीला पकडायचे. आताच्या बहुतेक गाड्यांना ती पन्हळ नाही. टपाची शिवण पट्टीखाली दडलेली असते.

"मग रेल आहे की!" आहे, पण कुठली? रेनोच्या ट्रायबर आणि कायगरच्या रेल ५० किलोंसाठी असल्याचं कंपनीच सांगते. बऱ्याच गाड्यांवरच्या रेल मात्र निव्वळ शोभेच्या, वजनासाठी नाहीतच. गाडीबरोबरचं पुस्तक उघडून बघा. आणि त्या ५० किलोंत बारचं वजनही धरायचं: हा पाइप मीटरला जवळपास दीड किलो भरतो, वर क्लॅम्प.

पीव्हीसी पाइप सुचवणाऱ्यांनी गाडी मे महिन्यात तासभर उन्हात ठेवावी आणि टपाला हात लावून पाहावा.

"जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप घ्या, गंजत नाही." वेल्डिंग केलं की नेमक्या सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. शिवाय तो धूर छातीत गेला की संध्याकाळी ताप भरतो. आधी जस्त घासून काढा, नंतर सांध्याला झिंक प्रायमर मारा.

"पोलिस काही म्हणत नाहीत." म्हणत नसतीलही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सामान गाडीच्या बाजूंबाहेर, किंवा पुढे, मागे, वर मर्यादेपलीकडे गेलं तर दंड २०,००० रुपये आहे.

राहिली लूट. कंपनीचे बार महाग आहेत, वादच नाही. पण त्यात पाइपचे पैसे थोडे, पायांचे जास्त; प्रत्येक मॉडेलच्या टपाला बसेल असा पाय वेगळा काढावा लागतो. विळ्याच्या त्या चहानंतर मी रेलच्या आकाराच्या पट्ट्या वाकवून घेतल्या, पातळ कडक रबर आणि सहजी सैल न होणारे नायलॉक नट घातले, बार पुढे सरकू नये म्हणून अडण लावली. फॅब्रिकेशनवाल्याने पाय मोजून चार बनवले आणि पाइपच्या चौपट पैसे घेतले. ८०० चे ३,४०० झाले. अजूनही वीसेक किलोमीटरवर थांबून नट चाचपतो. साठच्या पुढे बार शिट्टी वाजवायचा, त्यावर तेवढी सुतळी तिरकी गुंडाळली. तिला मात्र पैसे पडले नाहीत.