चालीवरून माणूस
एका लेखात वाचलं, म्हातारपणी दुसऱ्याची हालचाल नजरेला नीट उमगत नाही. अर्धंच पटलं. आमचे आबा ऐंशीचे, परभणीकडचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी लांब बांधावरून कोण येतंय ते नुसत्या चालीवरून सांगतात. १९७३ साली स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी अंधारात चालणाऱ्याच्या सांध्यांवरचे दहा-बारा ठिपके तेवढे दाखवले, तरी हा माणूस चालतोय हे लोकांनी ओळखलं. तसंच हे! पण बाजाराच्या गर्दीत आबा मलाही ओळखत नाहीत. ठिपक्यांच्या अशा प्रयोगांतही भोवती फालतू ठिपके मिसळले, किंवा क्षणभरच दाखवलं, की वयस्कर मागे पडतात. बांधावर बघायला निवांत वेळ असतो ना. रस्ता ओलांडताना मात्र हात मीच धरतो. शिव्या खातो ती गोष्ट वेगळी.