कपाटातला धबधबा

हेडफोन परत करायची मुदत 7 दिवस. नवे हेडफोन मुरायला लागणारा वेळ 200 तास. 200 भागिले 24 म्हणजे 8 दिवस आणि वर 8 तास. हा शाळकरी भागाकार मी नवव्या दिवशी केला.

हौसेनं घेतले होते. कानाला लावले तर गायक घोंगडी पांघरून गातोय असं वाटलं. परत करून टाकतो, असं एका मित्राला म्हणालो. मित्र या विषयातला जाणकार आहे, म्हणजे त्याच्याकडे हेडफोनांचे सहा जोड आहेत आणि गाणी तो तीच चार ऐकतो. तो म्हणाला, "अरे वेड्या, कोरे आहेत ते. आवाज काढणारा आतला पडदा ताठ आहे अजून. बर्न-इन कर, म्हणजे नुसते वाजवत ठेवून मुरव." ज्या सल्ल्याची सुरुवात 'अरे वेड्या'नं होते, तो मला आजवर नाकारता आलेला नाही.

कृती सोपी. जुना फोन चार्जरला लावायचा, त्याला हेडफोन जोडायचे आणि पिंक नॉइज नावाची एकसारखी खरखर सुरू करायची. मधूनमधून 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर. दर तासाला 10 मिनिटं विश्रांती. हेडफोनला. माझे हेडफोन ओपन-बॅक, पाठ उघडी, त्यामुळे जेवढा आवाज आत तेवढाच बाहेर सांडतो. म्हणून ते कपाटात ठेवले. कपाट भिंतीला लागून. भिंतीच्या पलीकडे शेजारच्या काकांची उशी, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या रात्री साडेअकराला बेल वाजली.

"तुमच्याकडे नळ वाहतोय," काका म्हणाले.

"नळ नाही काका, हेडफोन आहेत."

"हेडफोन गळतायत?"

त्यांना आत नेऊन दाखवलं, तिथेच चुकलं. काकांनी डॉक्टरांच्या गांभीर्यानं कपाटाला कान लावला.

"धबधबा आहे," त्यांनी निदान केलं.

"पिंक नॉइज. म्हणजे बघा, व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोरात असतात, म्हणून तो कानाला टोचतो. पिंकमध्ये दर सप्तकाला सारखी ऊर्जा, त्यामुळे..."

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग ऐकतंय कोण?"

या प्रश्नाचं उत्तर जाणकार मित्रानं मला दिलेलं नव्हतं. "कुणीच नाही. नुसतं वाजवायचं असतं. 200 तास. पडदा सैल होतो."

काका पलंगावर बसले. बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "नव्या चपला चावतात, मान्य. पण त्या सैल व्हायला आत पाय लागतो हो. तुम्ही चपला एकट्याच फिरायला पाठवल्यात."

तेवढ्यात धबधबा थांबला.

"बिघडला?"

"विश्रांती. तासाला 10 मिनिटं."

"अस्सं. 35 वर्षं नोकरी केली, आम्हाला कुणी तासाला 10 मिनिटं दिली नाहीत." हे ते मला बोलले नाहीत, कपाटाला बोलले.

आता जातील म्हटलं तर काका विश्रांती संपायची वाट बघत बसले. संपली. मी कपाटाचं दार उघडलं, आणि सूर चढायला लागला. आधी नुसती घरघर, मग गुणगुण, मग शिट्टी, मग डासासारखी बारीक रेघ.

"थांबला," काका म्हणाले.

"नाही, चालू आहे." मला ऐकू येत होता, आणि त्याचा मला किंचित अभिमानही वाटला. दोन सेकंदांनी मलाही यायचा बंद झाला.

"आता?"

"चालू असणार," मी म्हणालो. वय वाढतं तसे वरचे सूर कानातून आधी जातात. फोनवरचा आकडा अजून चढतच होता. मध्यरात्री दोन मोठी माणसं उघड्या कपाटासमोर मान तिरकी करून, दोघांनाही ऐकू न येणारा आवाज लक्षपूर्वक ऐकत होती.

नंतर मी वाचत बसलो, जे आधी करायला हवं होतं. मोठ्या स्पीकरमध्ये तथ्य आहे. त्याच्या कडा आणि आतला लवचीक आधार वापरानं थोडा सैल होतो, अनुनाद थोडा खाली येतो, तेही बहुतेक सुरुवातीलाच. हेडफोनचा पडदा म्हणजे काही मायक्रॉनची प्लॅस्टिकची पापुद्री. मोजणाऱ्यांना जो फरक सापडला, त्याहून जास्त फरक हेडफोन कानावर जरासा सरकवला तरी पडतो. खरोखर बदलतात त्या कानाच्या गाद्या. त्या दबतात, कानाभोवती नीट बसतात आणि खर्ज बदलतो. पण गाद्या दबायला डोकं लागतं. म्हणजे काकांची चप्पल बरोबर होती. आणि बदलतो आपला कान. त्याला चार दिवसांत कशाचीही सवय होते.

मला राग येतो तो याचा, की 200 तास वाजवून आवाज बिघडला असं म्हणणारा कधी भेटत नाही. जगातली प्रत्येक वस्तू वापरून झिजते, माझे गुडघे धरून. एकटे हेडफोन तेवढे वापरून सुधारतात, आणि तेही नेमके मुदत संपल्यावर. मित्राला हे ऐकवलं. तो म्हणाला, "विश्रांती धरलीस का हिशोबात?" धरली नव्हती. धरली तर बरोब्बर 10 दिवस होतात. माझा भागाकारसुद्धा चुकलेला होता. "आणि तरी नाही सुधारला, तर वायर बदल," तो म्हणाला. "मात्र ती पण बर्न-इन करावी लागेल." मी फोन ठेवला.

दहाव्या दिवशी सगळं बंद केलं. आवाज घोंगडीतलाच. अकराव्या रात्री बाराला बेल.

"नळ बंद केलात का हो?" काकांचे डोळे लाल. "सवय झाली होती. कालपासून झोप नाही."

"पण काका, तुम्हीच तर..."

"तो चढणारा सूर नको. नुसता धबधबा."

लावून दिला. आज 316 तास झाले. घोंगडी तशीच आहे. पण तासातून 10 मिनिटं, हेडफोन विश्रांती घेतात तेव्हा, भिंतीपलीकडून घोरणं येतं. खर्ज भरदार, तपशील अगदी स्वच्छ.