पुढचा ॲक्सल उगाच उघडला नाही, साहेब

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. तुमच्या जीपच्या ॲक्सलमधले गिअर बदलायला दहा दिवस सांगून तेवीस दिवस लावले, तुम्हालाच पुन्हा पुन्हा फोन करावे लागले आणि बिलाचा पूर्ण आकडा गाडी न्यायला आल्यावर कळला, याबद्दल मनापासून माफी मागतो. मध्ये सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली, पोरं सुट्टीवर गेली, पुण्याहून मागवलेलं बेअरिंग दोनदा चुकीचं आलं. पण हे तुम्हाला आम्ही स्वतःहून कळवायला हवं होतं.

मात्र "गरज नसताना पुढचा ॲक्सल उघडून पैसे उकळले" असं जे लिहिलंय, त्यावर गप्प बसणं मला जमत नाही. सोलापुरात फोर बाय फोरवाले मोजके, त्यातला प्रत्येक जण हे वाचणार. वडिलांच्या हाताखाली मोहोळ-मंगळवेढ्याच्या ट्रॅक्टरांची हाउसिंग, म्हणजे ॲक्सलच्या गिअरची लोखंडी घरं, उघडत मी हे काम शिकलो. 'उकळले' हा शब्द आमच्या दुकानाला आजवर कोणी लावला नव्हता. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमची जीप आली तेव्हा तिला 33 इंची टायर आधीच बाहेरून बसवलेले होते. मूळचे 29 इंची. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्यात ओढत नाही, ही तुमची तक्रार होती. ओढणार कशी? चाक एका फेऱ्यात जवळपास 14 टक्के जास्त अंतर कापतं, म्हणजे सगळे गिअर तेवढे जड झाले. हाउसिंग उघडून दात मोजले: क्राऊनला (चाकं फिरवणारा मोठा गिअर) 41, पिनियनला (त्याला फिरवणारा छोटा गिअर) 10, म्हणजे रेशो 4.10; शाफ्टचे 4.10 फेरे झाले की चाकाचा एक. तुम्ही मोबाईलवर बघून 5.38 मागत होता. मी तुमच्यासमोर बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखे; वेग 80. जुन्या टायरवर इंजिन मिनिटाला साधारण 2360 फेऱ्यांवर चालायचं. 33 च्या टायरवर 4.56 घातला तर 2310, 4.88 ला 2470 आणि 5.38 ला 2725. महिन्यातून दोनदा तुम्ही पुण्याला जाता, अडीचशे किलोमीटर एका बाजूने. 5.38 वर इंजिन सगळा रस्ता बोंबलत गेलं असतं. म्हणून 4.88 ठरला. तुम्हालाही पटलं, तसं तुम्ही म्हणालात.

आता मूळ मुद्दा. तुमचं म्हणणं होतं की सध्या फक्त मागच्या ॲक्सलचं करा, पुढचं नंतर बघू. साहेब, तुमच्या गाडीत फोर बाय फोर लावलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर दोन्ही ॲक्सलला वाटणारा डबा) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जखडून टाकतो. दोघांचे फेरे सारखे. मागे 4.88 आणि पुढे 4.10 राहिला, तर मागचं चाक 100 वेळा फिरेल तेवढ्यात पुढचं 119 वेळा फिरायला बघणार. गाळात टायर घसरून थोडं निभावतं. पण घट्ट मुरमावर, खडकावर टायर घसरत नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये साठतो आणि शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटतो, नाहीतर ट्रान्सफर केसचे दात जातात. ते कुठे जाणार? उजनीच्या काठावर, संध्याकाळी, जिथे फोनला रेंज नाही. तेव्हा तुम्ही शिव्या मलाच दिल्या असत्या, आणि त्या बरोबर ठरल्या असत्या.

मी दुसरा मार्गही सांगितला होता. पैसे जमेपर्यंत पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवतो, गाडी टू व्हील चालवा. त्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "मग जीप घेतली कशाला? करून टाका." म्हणून केलं. हे बोलणं फोनवरच राहिलं, लेखी घेतलं नाही, ती चूक आमची. पण विचारलंच नाही, असं कृपया म्हणू नका.

पुढच्या ॲक्सलच्या कामाची मजुरी मागच्यापेक्षा जास्त का, हेही विचारलंय. पुढे हब, नकल (चाक वळवणारा सांधा), दोन्ही बाजूचे ॲक्सल शाफ्ट काढल्याशिवाय गोळा, म्हणजे क्राऊनसकट डिफरन्शियल, बाहेर येत नाही. मग पिनियनखाली शिम (पातळ चकती) घालायची, बेअरिंग दाबायचं, डायल गेज लावून दातांमधली मोकळी चाल बघायची. ती 0.15 ते 0.25 मिलीमीटरमध्ये बसली पाहिजे. दातांना रंग लावून फिरवायचं, ठसा दाताच्या मध्यावर आला तर ठीक, नाहीतर पुन्हा सगळं उघडायचं. तुमचा पुढचा चौथ्यांदा बसला. त्या तीन फेऱ्यांचे पैसे बिलात लावलेले नाहीत. 95 हजारांचे 1 लाख 38 हजार झाले ते पुढचा क्राऊन-पिनियन सेट, बेअरिंग, सील आणि एका वेळची मजुरी धरून.

दोन लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) सांगितले आणि एकच बसवला, हीही तक्रार आहे. मंगळवेढ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक नुसतं फिरायला लागलं की तो पायाने डिफ लॉक दाबतो, दोन्ही चाकं एकदम ओढतात, आणि वळायच्या आधी पाय काढतो. कारण लॉक लागलेला असताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळं फिरू शकत नाही. जीपच्या लॉकरचं तेच. तुमचा हवेवरचा आहे, बटण दाबलं तरच लागतो. आपोआप लागणारा स्वस्त पडला असता, पण आखूड जीपला पावसात वळणावर तो मागून झटका देतो, आणि तुमची गाडी घरची मंडळीही चालवतात. पुढे लॉकर लावला की स्टिअरिंग जड होतं आणि वळवलेल्या चाकाच्या जॉइंटवर सगळा जोर येतो. चढावर वजन मागे जातं, म्हणून पहिला लॉकर मागे. तुमचं बजेट बघून पुढच्या लॉकरऐवजी पुढच्या रेशोला पैसे लावायला मीच सांगितलं. लॉकर एकाच ॲक्सलला असला तरी गाडी चालते, रेशो एकाच ॲक्सलचा बदलला तर फोर बाय फोरमध्ये चालत नाही.

60 च्या पुढे मागून घूं आवाज येतो म्हणता. चावी देताना सांगितलं होतं की पहिले 30 किलोमीटर हळू चालवा, थांबवून हाउसिंग थंड होऊ द्या, 800 किलोमीटरपर्यंत जास्त वजन नको, मग तेल बदलायला या. नवे दात एकमेकांवर बसेपर्यंत खूप तापतात. दुसऱ्याच दिवशी तुमच्या स्टेटसला गाडी महाबळेश्वरला दिसली, पाच माणसं आणि टपावर सामान. त्यामुळेच आवाज आला असं मी गाडी न बघता म्हणणार नाही. आमच्या सेटिंगमध्येही चूक असू शकते. आवाज पाय दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हे बघितल्याशिवाय कळणार नाही.

लॉकरची हवेची नळी मात्र सायलेन्सरला लागून वितळली, ती शंभर टक्के आमची चूक. नवी नळी लांबून फिरवून देतो, पैसे नाहीत. यापुढे खर्च वाढला तर व्हॉट्सॲपवर लिहून होकार घेऊ, तारखांचंही काहीतरी नीट बसवतोय.

गुरुवार सोडून कधीही या. तेल तुमच्यासमोर काढू, त्यात लोखंडाचा चुरा निघाला तर हाउसिंग पुन्हा उघडू, मजुरी घेणार नाही. जुने पार्ट परत दिले नाहीत असंही लिहिलंय. त्या दिवशी तुम्ही घाईत होता. दोन्ही क्राऊन-पिनियन पोत्यात बांधून, वर तुमच्या गाडीचा नंबर लिहून, ऑफिसच्या कपाटाखाली ठेवले आहेत. पुढच्या सेटवर खडूने खूण केली आहे. नेण्याआधी त्याचे दात मोजून घ्या, 41 आणि 10 भरतील.